बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी), सोळा महिन्यांनंतर: अभ्यासक्रम चांगला, जर्नलचे मात्र काही खरे नाही

प्रवेश घेण्यापूर्वी मी पुष्कळ चौकशी केली होती, पण त्या चौकशीत जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, हा शब्द एकदाही आला नव्हता. नीटचे गुण, सीईटी सेलच्या फेऱ्या, साडेचार वर्षे आणि त्यातली शेवटची सहा महिन्यांची इंटर्नशिप हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. मी आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि आज लिहायला बसण्याचे कारण एवढेच की, पहिल्या वर्षी हरवलेले माझे जर्नल गेल्या आठवड्यात सापडले. कुठे सापडले ते ओघाने येईलच.

आधी विद्यापीठाबद्दल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली स्थापन झाले आणि एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा साऱ्या शाखांची राज्यभरातील शेकडो महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. त्या विद्यापीठाची विद्यार्थिनी म्हणून मी नातेवाइकांत मिरवते, पण नाशिकची त्याची इमारत मी अद्याप पाहिलेली नाही. विद्यापीठ मला भेटते ते हॉल तिकिटावर आणि गुणपत्रिकेवर. इतक्या अवाढव्य कारभारात आपण केवळ एक आसन क्रमांक होऊन राहू, अशी भीती सुरुवातीला वाटत होती. प्रत्यक्षात त्याचा फायदाच झाला, कारण प्रश्नपत्रिका सगळीकडे एकच असल्याने नागपूरच्या मैत्रिणीने पाठवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका मलाही तितक्याच उपयोगी पडल्या. तीस रुपयांच्या झेरॉक्समध्ये ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे, किती वेगवेगळ्या शब्दांत विचारता येतो, हे मला कळले. क्लासवाल्यांना दिले असते ते पैसे वाचले.

आता जर्नल. प्रत्येक प्रात्यक्षिक झाले की ते हाताने लिहायचे, उजव्या पानावर मजकूर आणि डाव्या कोऱ्या पानावर आकृती, आकृती रंगीत पेन्सिलीने, नावे एकाच बाजूला आणि रेषा पट्टीने मारलेल्या. मग तारखेसह सही घ्यायची. सगळ्या सह्या झाल्या की अनुक्रमणिकेवर सही, आणि त्यानंतर पहिल्या पानावरील प्रमाणपत्रावर विभागप्रमुखांची सही व शिक्का. हा शिक्का नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देणार नाही, असा आमच्या महाविद्यालयाचा दंडक आहे. सही देणाऱ्या मॅडम दुपारी दोन ते अडीच या वेळेतच भेटतात आणि त्या वेळेत आमचे फिजिऑलॉजीचे लेक्चर असते. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेवरच पाणी सोडावे लागते, म्हणजे सहीसाठी हजेरी घालवायची की हजेरीसाठी सही, हा प्रश्न मी वर्षभर सोडवत होते. बायोकेमिस्ट्रीतही एवढे डोके चालवावे लागले नाही.

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना अंतिम सहीसाठी जमा केलेले माझे जर्नल गहाळ झाले. गठ्ठ्यात नाही, कपाटात नाही, शिपाईकाकांच्या टेबलाखालीही नाही. कार्यालयाने सांगितले की जमा केल्याची पोच तुमच्याकडे नाही, तेव्हा नवे लिहा. पोच देण्याची पद्धतच तिथे नव्हती. मी चार रात्री बसून सारे पुन्हा लिहिले, त्यात रूममेटने आकृत्या रंगवल्या, आणि नवे जर्नल व पेन्सिली यांचे एकशे सत्तर रुपये गेले ते वेगळेच. प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रमाणपत्राचे पान उघडले, शिक्का पाहिला आणि जर्नल बाजूला ठेवले. आतले एकही पान उलटले नाही. त्या क्षणी मी हा अनुभव लिहिला असता, तर तो याहून बराच कडवट झाला असता.

मध्यंतरी मात्र माझे मत थोडे हलले. दुसऱ्या वर्षी ओपीडीत निरीक्षणाला उभे राहू लागल्यावर एकदा सरांनी मला गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचे साधन, काढायला सांगितले. समोर प्लॅस्टर काढून तीन आठवडे झालेल्या एक आजी होत्या आणि त्यांचा गुडघा किती वाकतो ते मोजायचे होते. मध्यबिंदू मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर, स्थिर भुजा खुब्याच्या ग्रेटर ट्रोकँटर या उंचवट्याच्या दिशेने, हलती भुजा बाहेरच्या घोट्याकडे, हे आठवण्यासाठी मला क्षणभरही थांबावे लागले नाही, बोटे आपसूक त्या जागा चाचपत गेली. हे वाक्य मी दोनदा स्वहस्ते लिहिले होते, त्याचा हा परिणाम, हे मान्य करायला हवे. माझे माप 95 अंश आले. सरांनी मोजले तेव्हा ते 85 भरले. निरोगी गुडघा साधारण 135 अंशांपर्यंत वाकतो, तेव्हा तीन आठवड्यांची प्रगती ठरवताना दहा अंश म्हणजे थोडीथोडकी चूक नव्हे.

चूक हाताची नव्हती, काट्याची होती. सर ज्याने मोजत होते तो विभागाचा होता आणि मी खिशातून काढलेला माझा, सीनियरकडून साठ रुपयांना घेतलेला. त्याची मधली खीळ ढिली झाली होती, त्यामुळे पायावरून उचलून वाचेपर्यंत भुजा सरकत असे. नवा दीडशेला मिळत होता. मी नव्वद रुपये वाचवले, आणि आजींना उगाचच वाटले की आपला गुडघा झपाट्याने सुधारतो आहे. सरांनी खरा आकडा सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला, तो मला अजून दिसतो. नवा गोनिओमीटर मी त्याच संध्याकाळी घेतला. पुस्तके जुनी घ्यावीत, प्लास्टिकचा बोन सेटही जुना चालतो, मोजायचे साधन मात्र नवेच घ्यावे.

तर, लिहिण्याचा उपयोग होतो हे मी मान्य करते. गोनिओमीटरचे चित्र तीन रंगांत काढण्याचा काय उपयोग, हे अजूनही कळलेले नाही. बाकी अभ्यासक्रमाविषयी तक्रार नाही. इलेक्ट्रोथेरपी, म्हणजे यंत्रांनी करायचे उपचार, कंटाळवाणी असेल असे वाटले होते, पण उपचाराच्या अल्ट्रासाउंड यंत्राच्या डोक्यावर पाण्याचा थेंब ठेवून तो थरथरताना पाहिला आणि यंत्र चालू आहे की नाही हे ओळखण्याची ही साधी रीत फार आवडली. उत्तीर्ण होण्यास 50 टक्के लागतात, ते वर्षभर थोडे थोडे वाचले तर अवघड नाहीत. मेसच्या जेवणाबद्दल न बोललेलेच बरे.

यंदा प्रत्येक सही झाली की मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवते आणि जमा करताना गठ्ठ्याचाही काढते. गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या मुलींना प्रयोगशाळेत जर्नल कसे लिहावे हे समजावले जात होते, आणि त्यांच्या हातोहात फिरणारा नमुना म्हणजे माझे हरवलेले जर्नल होते. माझे अक्षर, माझ्या आकृत्या, आणि माझ्या नावावर चिकटवलेली पांढरी पट्टी. पट्टीवर लिहिले होते, ‘आदर्श प्रत’. एका मुलीने मला विचारलेही, की ताई, हे कुणाचे आहे हो, किती नीटनेटके आहे. मी ते परत मागितले, तेव्हा कार्यालयाने सांगितले की अर्ज लिहा आणि त्यावर विभागप्रमुखांची सही आणा. अर्ज लिहून तयार आहे. मॅडम पंधरा तारखेपर्यंत रजेवर आहेत.