हातपंप की मोठा सिलिंडर? एअर पिस्तुलात हवा भरताना

पिस्तूल घेऊन झालं, ग्रिप हाताला बसली. आता घरी हवा कशाने भरायची? क्लबवर सोय असली तरी घरच्या सरावाला स्वतःचं साधन लागतंच.

हातपंप स्वस्त, कुणाचं तोंड बघायला लावत नाही, प्रवासात सोबत येतो. १५० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) तो ठीक चालतो, पुढे अंगाचा भार टाकावा लागतो. खरं तर २०० बारच्या पूर्ण भरणीचा हट्ट नकोच. पिस्तुलातला रेग्युलेटर हवा बऱ्याच कमी दाबावर आणूनच सोडतो, त्यामुळे १५० बारवर सायटर, म्हणजे सुरुवातीचे नेम जुळवायचे शॉट, आणि स्पर्धेचे ६० शॉट आरामात निघतात. चाळीसेक स्ट्रोकनंतर पंप गार होऊ द्यायचा, नाहीतर आतली सील लवकर जातात. आणि पंप मारून लगेच फायरिंग लाइनवर उभं राहू नये, हात थरथरतो.

पंपाबद्दलचं माझं मत मात्र फिरलं ते पाण्यामुळे. जुलैत पुण्याच्या हवेत घनमीटरला २० ग्रॅमच्या आसपास वाफ असते. पिस्तुलाचा सिलिंडर ०.१ लिटरचा धरला, तर ८० वरून २०० बारवर नेताना बाहेरची सुमारे १२ लिटर हवा आत जाते, म्हणजे जवळपास पाव ग्रॅम पाणी. दाबाखाली त्यातलं नाममात्र वाफ म्हणून टिकतं, बाकी सगळं थेंब होतं. काही पंपाच्या ब्लीडमधून, म्हणजे दाब सोडायच्या झडपेतून निघतं, पण उरलेलं रेग्युलेटरच्या सीटवर बसतं. मग दाब डळमळतो, छर्‍याचा वेग बदलतो आणि चांगला सुटलेला शॉट विनाकारण खाली किंवा वर पडतो. लक्ष्यावरचं १० गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिमीचं, एवढा फरकही गुण घालवतो. माणूस ट्रिगरमध्ये दोष शोधत बसतो, आणि दोष हवेत असतो. सिलिका जेलचा फिल्टर लावला तर फरक पडतो, पण पावसाळ्यात दाणे वरचेवर बदलावे किंवा भाजून सुकवावे लागतात.

मोठ्या सिलिंडरची हवा चांगल्या कॉम्प्रेसरवर सुकवून, गाळून आलेली असते. १२ लिटरच्या सिलिंडरमधून एका भरणीला जेमतेम एक बार उतरतो. अडचण आहे ती तो भरून आणण्याची: औद्योगिक पट्ट्यात श्वसनसंच भरणारे गाठावे लागतात. ऑक्सिजनवाल्याकडे चुकूनही जाऊ नका. ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. सिलिंडर पेसोची (स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेची) मान्यता असलेला, हायड्रो चाचणीची, म्हणजे पाण्याच्या दाबाखालच्या तपासणीची, मुदत न उलटलेला हवा.

भरताना छर्रा काढलेला असावा. पिस्तुलाचा सिलिंडर सोडवून अडॅप्टरवर बसवा, ब्लीड बंद करा, व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडा. काटा मिनिटभर सावकाश चढू द्या. घाईने भरलं तर सिलिंडर तापतो आणि गार झाल्यावर दाब उतरतो. मोठा व्हॉल्व्ह बंद केल्यावर ब्लीड सोडा, मगच आटे फिरवा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरे, साधं तेल नाही.

आठवड्याला एकदाच नेम धरणाऱ्याला, किंवा फक्त कोरड्या दिवसांत सराव करणाऱ्याला पंप पुरेल, असं म्हणता येईल. स्पर्धा डोळ्यासमोर असेल तर दोघा-तिघांनी मिळून सिलिंडर घ्यावा. पंप राहू द्या, बाहेरगावच्या स्पर्धेला तो लागेल.