भेट म्हणून घरी काय करावं: मेणबत्ती की साबण?

ओळखीच्या दहा-बारा घरी सणासुदीला हाताने केलेलं काहीतरी द्यायचं आणि खर्चही आवाक्यात ठेवायचा, असं ठरवलं की शोध बहुतेक वेळा दोन गोष्टींपाशी येऊन थांबतो: मेणबत्ती आणि साबण. विणकाम सुंदरच, पण ते एखाद-दोन माणसांपुरतं होतं. सगळ्या शेजाऱ्यांना पुरत नाही. मी मेणबत्त्याही केल्या आहेत, साबणही केला आहे, दोन्ही वाटले आहेत. दोन्हींची मूळ कृती तुम्हाला साधारण ठाऊक आहे असं धरून, निवड करताना जे महत्त्वाचं वाटलं तेवढंच लिहितो.

पहिला आनंद मेणबत्तीत जास्त आहे, हे मान्यच करायला हवं. मेण वितळवलं, सुगंध मिसळला, ओतलं की संध्याकाळपर्यंत देखणी वस्तू समोर तयार. सोया वॅक्स, म्हणजे सोयाबीनच्या तेलाचं मेण, घेतलं तर भांडी गरम पाण्याने आणि साबणाने स्वच्छ निघतात. मधमाशीच्या मेणाला स्वतःचाच मंद गंध असतो, पण ते महाग पडतं. पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासूनचं मेण, स्वस्त, आणि सुगंध पसरवण्यात कुणाला हार जात नाही. सोया वॅक्सची मेणबत्ती मात्र ओतल्याबरोबर देऊ नये. आठवडा-दोन आठवडे ठेवली की वास चांगला उठतो. वर पांढुरके डाग येतात ते या मेणाचे स्वभावधर्म, त्याने जळण्यात फरक पडत नाही.

हे सगळं सांभाळता येतं. माझ्यासाठी निर्णय फिरला तो वातीवर.

वात वितळलेलं मेण वर खेचते आणि ज्योतीला पुरवते. ती बारीक पडली तर ज्योत लहान राहते, मेण फक्त मधे वितळतं, खाली खोल बोगदा होतो आणि कडेचं निम्मं मेण तसंच उरतं. जाड पडली तर काजळी धरते, टोकाशी कोळशाची गाठ येते आणि काच नको तितकी तापते. योग्य जाडी भांड्याच्या व्यासावर ठरते; मेण बदललं, सुगंधाचं प्रमाण बदललं की तीही बदलते. सुगंध साधारणपणे मेणाच्या वजनाच्या 6 ते 10 टक्के घालतात. 6 चे 10 केले तरी आधी बरोबर जळणारी वात अपुरी पडू शकते.

आता स्वस्तातल्या भेटीचा विचार करा. बचत व्हावी म्हणून आपण घरातल्या रिकाम्या बरण्या, पेले, कप गोळा करतो. प्रत्येकाचा व्यास वेगळा, म्हणजे प्रत्येकाला वात वेगळी, आणि तीच बरोबर आहे हे कळायला त्याच मापाची एक मेणबत्ती शेवटपर्यंत जाळून बघायला हवी. एक जाळायची, एक द्यायची. यात बचत कुठे राहिली? एकसारखे जाड काचेचे पेले विकत आणले तर हा प्रश्न सुटतो, पण मग खर्चाचा मोठा भाग काचेवरच जातो. शिवाय काच उष्णता सोसणारी हवी. बारीक तडा गेलेली बरणी दुसऱ्याच्या घरात पेटवायला द्यायची, हा विचारही मला सोसत नाही.

अजून एक गोष्ट आहे. पहिल्यांदा पेटवली की वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचेस्तोवर विझवायची नसते. व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण एक तास, असा अंदाज धरतात. नंतर दर वेळी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून छाटायची. हे आपल्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. चिठ्ठी जोडली तरी ती सहसा वाचली जात नाही. मी दिलेल्या मेणबत्त्या लोकांच्या घरी मला बहुधा दोनच रूपांत दिसल्या आहेत: मधे बोगदा पडून अर्धवट सोडलेल्या, किंवा ‘छान आहे, जाळवत नाही’ म्हणून कपाटात जपून ठेवलेल्या. दोन्हींत माझ्याबद्दलचं प्रेमच होतं. पण वस्तू वापरून संपावी, असं मला वाटतं.

वातीचं हे दुखणं जुनंच आहे. साबण होताना तेलाचं नेमकं काय होतं, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्या 1823 मधल्या ग्रंथाने उलगडलं, आणि त्याच ज्ञानावर त्यांनी 1825 मध्ये दुसरे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांच्यासह स्टिअरिक आम्लाच्या, म्हणजे चरबीतून वेगळ्या काढलेल्या घट्ट घटकाच्या, मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं. मेण सुधारलं, पण मेणबत्ती नीट जळायला पेडांची विणलेली वात यावी लागली. ती जळताना वाकते, टोक ज्योतीबाहेर येऊन आपोआप राख होतं. त्याआधी वात सारखी छाटत बसावं लागे.

साबणाचं दुखणं वेगळं आहे: कॉस्टिक सोडा (तेलाचा साबण करणारा, त्वचा भाजणारा तीव्र क्षार) आणि वाट पाहणं. सोड्याची भीती रास्त आहे. चष्मा आणि हातमोजे घालायचेच, खिडकी उघडी ठेवायची, सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमचं भांडं जवळही आणायचं नाही, कारण त्याच्याशी सोड्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो. मुलं आणि पाळीव प्राणी त्या वेळी दुसऱ्या खोलीत. एवढं पाळलं की बाकी काम म्हणजे वजन करणं. 700 ग्रॅम ऑलिव्ह तेल आणि 300 ग्रॅम खोबरेल घेतलं, आणि पाच टक्के तेल मुद्दाम मोकळं, म्हणजे साबण न होता तसंच राहील असं, ठेवलं, तर सुमारे 142 ग्रॅम सोडा लागतो आणि त्याच्या दुप्पट पाणी. तेलं बदलली की सोड्याचा आकडा बदलतो, म्हणून दर वेळी साबणाच्या कॅल्क्युलेटरवर (तेलांवरून सोड्याचं माप काढून देणारं ऑनलाइन साधन) ताडून बघा. एवढ्यात हाताएवढ्या बारा-तेरा वड्या निघतात. म्हणजे बारा घरं एका घाण्यात झाली, आणि वर लागतो तो फक्त कागदाचा एक पट्टा.

तेल आणि सोड्याची प्रक्रिया दोन-एक दिवसांत बहुतेक पूर्ण होते. पण वडीतलं पाणी उडून ती कडक व्हायला चार ते सहा आठवडे हवेशीर जागी ठेवावी लागते. नाहीतर ती ओल्या हातात लवकर विरघळते.

माझ्या लेखी साबणाचं पारडं जड होतं ते इथे: एका घाण्यातल्या सगळ्या वड्या सारख्या असतात. एक वडी आपण वापरायची; फेस, वास, हाताला वाटणारा कोरडेपणा, सगळं आधीच कळतं. उरलेल्या निर्धास्तपणे देता येतात. साबण कसा वापरायचा हे कुणाला सांगावं लागत नाही, आणि संपला की काही जण पुन्हा मागतात. मेणबत्तीसाठी मला असं कुणी विचारल्याचं आठवत नाही. कदाचित माझ्या मेणबत्त्यांत तितकी हातोटी नसेल.

सजावट बेताची ठेवा. लॅव्हेंडरची फुलं साबणात घातली की तपकिरी पडतात, कॅलेंड्युलाच्या (झेंडूसारख्या दिसणाऱ्या फुलाच्या) पाकळ्या रंग टिकवतात. व्हॅनिलाच्या सुगंधाने वडी हळूहळू काळपट होते. ते चालणार असेल तरच घाला.

तयार साबण-बेस वितळवून साच्यात ओतायचा, हाही एक मार्ग आहे. सोडा हाताळावा लागत नाही, मुलांना सोबत घेता येतं, एका संध्याकाळी काम होतं. पण त्यातलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं आणि दमट हवेत वडीवर घामासारखे थेंब येतात. थंड झाल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळली तर टिकते. मला त्यात हाताचं काम कमी वाटतं, पण हे माझं मत.

हाताशी सहा आठवडे असतील तर साबणच करा, असं मी म्हणेन. दोन-तीन आठवडे असतील तर मेणबत्ती, पण सगळ्या एकाच मापाच्या पेल्यांत आणि वात आधी जाळून बघितलेली. दोन दिवसच उरले असतील तर बेस. आणि साबण देणार असाल तर पट्ट्यावर सगळी तेलं, सुगंध आणि वड्या कापल्याची तारीख लिहा. कुणाच्या घरी तान्हं बाळ असतं, कुणाची त्वचा नाजूक असते. अशांसाठी त्याच घाण्यातलं थोडं मिश्रण सुगंध घालण्याआधी वेगळ्या साच्यात ओतून ठेवा.