सेंट-जर्मेन: घरच्या कॉकटेलसाठी एल्डरफ्लॉवरचे लिक्युर

इंग्लंडमध्ये मे महिन्याच्या अखेरीस एल्डरच्या झुडपांना छत्रीसारखे पसरट पांढरे तुरे येतात, आणि इथे राहायला आल्यापासून पायवाटांच्या कडेचा तो मधासारखा, किंचित हिरवट वास माझ्या चांगलाच ओळखीचा झाला आहे. त्याच फुलांपासून फ्रान्समध्ये बनणारे सेंट-जर्मेन हे लिक्युर, म्हणजे गोड सुगंधी मद्य, मी सहा महिन्यांपासून घरी वापरत आहे. रॉबर्ट कूपर यांनी २००७ साली ते बाजारात आणले आणि पुढे ते बकार्डी या मद्यकंपनीकडे गेले. त्यात मद्यार्क २० टक्के, म्हणजे जिनच्या निम्म्याच्या आसपास असतो.

फुलांचे म्हटल्यावर आपल्या नाकाला गुलाब किंवा केवडा अपेक्षित असतो, पण येथे आधी लिची जाणवते, मग पिकलेले नासपती आणि शेवटी लिंबाच्या सालीची पुसटशी आठवण. नुसते बर्फावर घेतले तर दोन घोटांतच ओठ चिकट होतात. पहिल्या संध्याकाळी मी ४५ मिली जिनमध्ये ३० मिली लिक्युर घातले आणि सवयीने वर साखरेचा पाकही ओतला, तेव्हा पेल्यात कॉकटेलऐवजी खोकल्याचे औषध तयार झाले. चूक अर्थातच माझी होती, कारण या बाटलीकडे मद्य म्हणून न पाहता सुगंधी पाक म्हणून पाहायला हवे, आणि ती हाती घेतली की साखरेचा डबा बंदच ठेवावा.

आता माझे माप ठरले आहे: ५० मिली जिन, २० मिली लिक्युर, २० मिली ताजा लिंबूरस, आणि हे सर्व भरपूर बर्फात बारा-पंधरा सेकंद जोरात हलवून गाळायचे. इथल्या पिवळ्या लिंबापेक्षा आपले कागदी लिंबू अधिक धारदार लागते आणि गोडव्याला तेच खरे आवर घालते, असे माझे मत झाले आहे.

उत्तर इटलीतील साउथ टायरॉलमध्ये जन्मलेले ‘ह्यूगो’ हे कॉकटेल त्याहूनही सोपे आहे, कारण त्यात बर्फावर ४० मिली लिक्युर, त्याच्या दीडपट प्रोसेको (इटलीची फेसाळ वाइन), तेवढाच सोडा आणि पुदिना एवढेच लागते. मात्र प्रोसेको घेताना बाटलीवर ‘ब्रूट’, म्हणजे कमी गोड, असे लिहिलेले पाहून घ्यावी. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव फसवे असून ती ब्रूटपेक्षा गोड असते. पुदिना कुटू नये, तळहातावर ठेवून एकदा टाळी वाजवली की पुरे, नाहीतर कडवटपणा उतरतो.

ज्यांना केवळ सोड्यात घालून प्यायचे आहे, त्यांना इथे सुपरमार्केटमध्ये मिळणारे एल्डरफ्लॉवरचे बिनमद्याचे सरबत पुरेसे आहे आणि ते कितीतरी स्वस्त पडते. जिन किंवा प्रोसेको नियमित उघडली जाणाऱ्या घरात मात्र या बाटलीचे पैसे वसूल होतात. उघडल्यानंतर ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि बाटलीचे तोंड पुसूनच बूच लावावे. मी एकदा हे विसरलो, तर पुढच्या वेळी गरम पाण्याखाली धरल्याशिवाय बूच हलले नाही.