टँकरचं ऑफिसर मॅट्रिक्स: ५ पैकी ३ स्टार

लोक हॉटेलचे आणि मोबाइलचे रिव्ह्यू लिहितात, माझं रोजचं भांडण ऑफिसर मॅट्रिक्सशी, म्हणजे जहाजावरच्या ऑफिसरांच्या अनुभवाच्या तक्त्याशी, असतं त्यामुळे मी त्याचाच लिहितोय. तेरा वर्षं ऑइल टँकरवर काढली, थर्ड मेटपासून (खालचा डेक ऑफिसर) चीफ ऑफिसरपर्यंत (यालाच चीफ मेट म्हणतात, कॅप्टननंतरचा नंबर), आता ऑफिसात बसून ऑपरेटरच्या, म्हणजे जहाज चालवणाऱ्या कंपनीच्या, बाजूनं व्हेटिंग (जहाज घेण्याआधीची तपासणी) बघतो. म्हणजे आधी मी या तक्त्यातली एक ओळ होतो आणि आता तक्ता भरणारा झालोय. दोन्हीकडून चटके बसलेत, फार गोड लिहिणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेल कंपनीला दुसऱ्याचा टँकर भाड्यानं घ्यायचा असला की तिचं व्हेटिंग खातं आधी जहाजाची कुंडली काढतं. सायरचा (टँकर तपासणीची पद्धत) इन्स्पेक्शन रिपोर्ट, पोर्ट स्टेटनं, म्हणजे बंदरातल्या सरकारी तपासणीनं, काय पकडलं, क्लासचं (जहाजाला दर्जाचं सर्टिफिकेट देणारी संस्था) काय बाकी आहे, आधी कुठे आपटलंय का, आणि त्यासोबत जहाजावर आत्ता कोण कोण ऑफिसर आहेत ते. हे शेवटचं म्हणजे मॅट्रिक्स. नमुना ओसिम्फचा, म्हणजे तेल कंपन्यांची जी संघटना १९६७ मध्ये टॉरी कॅनियन नावाचा टँकर फुटल्यानंतर १९७० ला उभी राहिली आणि जिनं १९९३ मध्ये सायर सुरू केलं तिचा. एका ओळीत एक ऑफिसर, आणि रकाने: रँक, कुठल्या देशाचं लायसन्स, टँकरचं सर्टिफिकेट, ऑपरेटरकडे किती वर्षं, रँकमध्ये किती वर्षं, या प्रकारच्या टँकरवर किती, सगळ्या प्रकारच्या टँकरवर मिळून किती, जहाजावर कधी चढला, इंग्रजी कसं आहे. इंग्रजीच्या रकान्यात सगळेच ‘गुड’ असतात, ‘फेअर’ लिहिलेला माणूस मला अजून भेटायचाय.

एक गैरसमज इथेच मिटवतो कारण नवीन मुलं यात गोंधळतात. ओसिम्फ कुणाला पास नापास करत नाही. ती फक्त माहिती एका साच्यात ठेवते, किती वर्षं म्हणजे पुरे हे प्रत्येक तेल कंपनी आपलं आपण ठरवते. साधारण सगळीकडे दिसणारा हिशोब असा की कॅप्टन आणि चीफ ऑफिसर मिळून ऑपरेटरकडे २ वर्षं, रँकमध्ये ३ वर्षं आणि टँकरवर ६ वर्षं, तसंच इंजिनात चीफ इंजिनिअर आणि सेकंड इंजिनिअर मिळून. एखाद्याचा नियम थोडा कडक, एखाद्याचा थोडा सैल. कार्गो तयार, जहाज जवळ, भाडं ठरलेलं, आणि रँकच्या बेरजेत २.९ आलं म्हणून फोनाफोनी चाललीये असं मी बघितलंय. तीनला एक दशांश कमी, म्हणजे महिनाभराचा मामला.

आता चांगलं आधी सांगतो कारण चांगलं आहेच. हे नसतं तर लोकांनी काय केलं असतं याची मला पूर्ण कल्पना आहे. बल्क कॅरिअरवरून (कोळसा, धान्य वाहणारं जहाज) आलेला कॅप्टन आणि कालच प्रमोशन मिळालेला चीफ मेट, दोघंही कंपनीत नवीन, अशी जोडी सरळ क्रूडच्या (कच्च्या तेलाच्या) जहाजावर पाठवली असती कारण तेच दोघं त्या आठवड्यात मोकळे होते. क्रूइंगवाल्यांना, म्हणजे जहाजांवर माणसं पाठवणाऱ्यांना, दोष देत नाही, त्यांच्याकडे माणसं नसतात हो. पण मॅट्रिक्समुळे त्यांना ‘नाही जमणार’ म्हणायला एक कागद मिळतो, आणि दोघं सीनियर एकाच दिवशी बदलायचे नाहीत, मध्ये थोडे दिवस जाऊ द्यायचे, ही पद्धतही त्यामुळेच टिकून आहे. ज्यानं कधी एकाच बंदरात कॅप्टन आणि चीफ मेट दोघांचे हँडओव्हर बघितलेत त्याला याची किंमत विचारा. जहाजावर नवीन चढलेल्या माणसाला पहिले चार दिवस कुठला व्हॉल्व्ह कुठं आहे ते पण नीट कळत नसतं, मग त्याचा अनुभव पंधरा वर्षांचा असू दे नाहीतर पंचवीस.

पण बेरीज. माझं खरं दुखणं बेरजेत आहे.

मी चीफ ऑफिसर म्हणून पहिल्यांदा चढलो तेव्हा माझ्या रँकच्या रकान्यात ०.० होतं. कॅप्टनसाहेबांच्या रकान्यात ९ च्या वर काहीतरी. बेरीज एकदम झकास. पण साहेबांची जवळजवळ सगळी नोकरी प्रॉडक्ट टँकरवरची, स्वच्छ पेट्रोल डिझेल वाहणारी जहाजं, आणि हे जहाज क्रूडचं. क्रूडमध्ये माल उतरवता उतरवता त्याच क्रूडच्या फवाऱ्यानं टाक्या धुवायच्या असतात, त्याला आम्ही सीओडब्ल्यू म्हणतो. साहेबांनी चीफ मेट असताना हे स्वतः कधी चालवलेलं नव्हतं, मी सेकंड मेट म्हणून वॉचपुरतं बघितलेलं. कागदावर ‘ऑइल टँकर’ असा एकच रकाना, त्यात किनाऱ्यालगत फिरणारं छोटं जहाज आणि २० लाख बॅरल भरणारं व्हीएलसीसी दोन्ही मावतात. त्यामुळे तेल कंपनीच्या स्क्रीनवर आम्ही दोघं हिरवे, म्हणजे पास, आणि कार्गो कंट्रोल रूममध्ये दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय.

पुस्तकातलं सगळं पाठ होतं मला. टाकीतला ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या आत आहे ना ते तपासा, ज्या टाकीतून धुण्याचं क्रूड घेणार तिचा तळातला निदान १ मीटर आधी काढून टाका कारण खाली बसलेलं पाणी फवाऱ्यात आलं की स्टॅटिक चार्ज तयार होतो, जहाज मागच्या बाजूला झुकलेलं ठेवा म्हणजे माल सक्शनकडे येईल. पण स्ट्रिपिंगला, म्हणजे टाकीच्या तळातलं उरलेलं काढायला, आल्यावर पंप कधी हवा ओढायला लागणार हे गेजवर दिसायच्या आधी आवाजात कळतं आणि तो आवाज माझ्या कानाला ओळखीचा नव्हता. ओळखीचा होता पंपमनला, म्हणजे पंप सांभाळणाऱ्या खलाशाला. त्यानं वॉकीटॉकीवर सांगितलं, साब थोडा स्लो करो, आणि मी कमी केलं, आणि त्या रात्री आमचं जे काही नीट झालं ते त्याच्यामुळे झालं. तरी आम्ही ठरल्यापेक्षा सात तास जास्त घेतले आणि टर्मिनलनं लेटर ऑफ प्रोटेस्ट (लेखी तक्रार) दिलं ते वेगळंच.

हा पंपमन मॅट्रिक्समध्ये नाही. तो ऑफिसर नाही ना. त्या जहाजावरचा क्रूडचा सगळ्यात जास्त अनुभव ज्या माणसाकडे होता त्याची तक्त्यात ओळच नाही, आणि माझ्या ०.० ला मात्र सहा सात रकाने.

ज्युनियर ऑफिसरचंही तसंच. कंपन्या त्यांच्याकडून साधारण थोडाफार टँकरचा अनुभव मागतात आणि विषय संपला, सगळा जोर वरच्या चौघांवर. आता खरंच सांगा, पहाटे तीनला टाकी भरत आलीये, टॉपिंग ऑफ चाललंय, अलेज (तेलाच्या वरची रिकामी जागा) झपाझप कमी होतंय, तेव्हा पॅनलसमोर कोण असतं? नियमानं चीफ मेटनं असायला हवं आणि तो असतोही, पण तो सलग किती तास जागा आहे त्यावर सगळं अवलंबून, आणि डेकवर मॅनिफोल्डपाशी (टर्मिनलचे पाइप जोडतात ती जागा) सेकंड किंवा थर्ड मेटच असतो. ९५ टक्क्यांचा अलार्म वाजला की घाबरायचं नाही आणि ९८ चा वाजायची वेळच येऊ द्यायची नाही, हे त्याला कुणी शिकवलंय का हे कुठल्या रकान्यातून कळणार?

आणि झोप. एक्सॉन वाल्डेझ हे तेलाचं जहाज १९८९ च्या मार्चमध्ये अलास्कात खडकावर चढलं तेव्हा ब्रिजवर थर्ड मेट होता, कॅप्टन खाली गेलेला. अमेरिकेच्या चौकशीत थर्ड मेटचा थकवा आणि कामाचा बोजा, कॅप्टनचं दारूमुळे भान नसणं, आणि पुरेशी विश्रांती घेतलेली पुरेशी माणसं जहाजावर न ठेवणं, असं सगळं निघालं. यातलं काय वर्षांच्या रकान्यात दिसलं असतं? कॅप्टन अनुभवी होता. आजचं मॅट्रिक्स त्या दिवशी भरलं असतं तर माझ्या मते ते व्यवस्थित पास झालं असतं.

उलट मॅट्रिक्समुळेच माणूस दमतो असंही होतं आणि हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. एका कंपनीत, नाव नको, आमच्या चीफ मेटचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं. रिलीव्हर तयार होता पण तो कंपनीत नवीन आणि कॅप्टनही तीन आठवड्यांपूर्वीच चढलेला नवीन, म्हणजे ऑपरेटरच्या रकान्याची बेरीज पडत होती आणि पुढचा चार्टर (भाडेकरार) हातचा जात होता. मग काय, याला म्हटलं अजून एक ट्रिप कर. एकाच्या दोन झाल्या. सहा महिने काढून डोळ्याखाली काळं आलेला तो माणूस जहाजावर राहिला म्हणून मॅट्रिक्स हिरवं राहिलं, आणि ताजातवाना माणूस घरी बसला कारण तो आला असता तर लाल झालं असतं. सुरक्षेसाठी केलेल्या तक्त्यानं सुरक्षेची अशी वाट लावलेली बघितली की हसावं का रडावं कळत नाही.

प्रमोशनचं दुखणं आणखी वेगळं. पोरगा तयार आहे, कॅप्टननं तीनदा लिहून दिलंय, पण वर केला की रँकमध्ये शून्य होतो म्हणून थांबवा. तो कंटाळून दुसरीकडे जातो, तिथे प्रमोशन मिळतं पण आता ऑपरेटरच्या रकान्यातही शून्य. म्हणजे एका चांगल्या माणसाचे दोन रकाने आपणच पुसले.

हे सगळं ओसिम्फवाल्यांना कळत नाही असं नाही. २ सप्टेंबर २०२४ पासून सायर २.० लागू झालंय आणि त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इन्स्पेक्टर आता माणसाशी बोलतो. हातात टॅबलेट, प्रत्येक जहाजासाठी प्रश्नांचा वेगळा संच, आणि उपकरणं आणि कामाची पद्धत याच्यासोबत माणूस हा वेगळा भाग. ज्याचं काम आहे त्यालाच विचारायचं, शक्यतो तो काम करतो तिथेच, आणि मग त्याचं उत्तर अपेक्षेप्रमाणे होतं, बरंचसं होतं, की नव्हतं, की अपेक्षेपेक्षाही चांगलं होतं असा शेरा. आमच्या एका जहाजावर आठ महिन्यांचा अनुभव असलेल्या थर्ड मेटनं पोर्टेबल गॅस मीटरचं असं काही समजावून सांगितलं की इन्स्पेक्टर त्याच्याशी गप्पाच मारत बसला, आणि त्याच जहाजावर एका सीनियरची (रकान्यात दोन आकडी वर्षं) इमर्जन्सी स्टॉपची टेस्ट शेवटची कधी केली यावर बोबडी वळली. मॅट्रिक्स मात्र त्या दिवशीही तेच होतं आणि दुसऱ्या दिवशीही तेच. गंमत म्हणजे चार्टरर जहाज घ्यायचं की नाही ठरवताना अजून बेरीज आधी बघतो, शेरे नंतर वाचतो, निदान मला फोन येतात ते तरी बेरजेचेच येतात.

काय हवं होतं विचाराल तर फार नाही मागत. किती लोडिंग केली, किती डिस्चार्ज केली, किती वेळा सीओडब्ल्यू स्वतः चालवलं, एवढे तीन आकडे. अशी मोजणी काही नवीन नाही, एसटीसीडब्ल्यूमध्ये (खलाशांच्या प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम) टँकरच्या वरच्या सर्टिफिकेटसाठी तीन महिन्यांच्या टँकर सर्व्हिसऐवजी जो महिनाभर जादा माणूस म्हणून जायचा मार्ग आहे, त्यात निदान ३ लोडिंग आणि ३ डिस्चार्ज झालेच पाहिजेत असं लिहिलेलंच आहे. कॅडेटसारख्या चढलेल्या माणसाची कामं मोजता येतात तर चीफ मेटची का नाही? वर्षभर जहाज अँकरवर उभं असलं तरी रकान्यात वर्ष भरतं, आणि दर पाच दिवसांनी बंदर करणाऱ्याचंही तेवढंच भरतं. आणि एक ओळ पंपमनसाठी, बस.

तीन स्टार का? एक स्टार नवख्यांची जोडी अडवतो म्हणून. एक स्टार सगळ्या तेल कंपन्यांना एकच साचा पुरतो म्हणून, नाहीतर मी दहा जणांसाठी दहा तक्ते भरत बसलो असतो. तिसरा थोडा उदार होऊन देतोय, सायर २.० च्या आशेवर.

नव्यानं भरायला बसलेल्यांना दोन गोष्टी. महिने दशांशात टाकताना ६ महिने म्हणजे ०.५, ०.६ नाही, हसू नका, ही चूक मी दर दोन महिन्यांनी पकडतो. आणि ऑफिसरनं सांगितलेलं ऐकून भरू नका, डिस्चार्ज बुकातल्या (खलाशाच्या नोकरीची नोंदवही) साइन ऑन साइन ऑफच्या तारखांवरून स्वतः बेरीज करा, कारण इन्स्पेक्टर तेच उघडून बघतो. क्रू बदलला की त्याच दिवशी अपडेट पण करा. आमचं एकदा राहिलं, इन्स्पेक्टर जहाजावर चढून नाव घेऊन चीफ ऑफिसरला बोलवा म्हणाला, आणि तो चीफ ऑफिसर तीन दिवसांपूर्वीच विमानात बसला होता.