ओल्या कचऱ्याचा तीन मडक्यांचा खंबा, नऊ महिने वापरल्यावर

फेब्रुवारीत घेतला, आता नोव्हेंबर चालू आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, घरात चार माणसं, रोजचा साधारण किलोभर ओला कचरा. खंबा म्हणजे एकावर एक तीन मातीची मडकी, वरच्यात रोज टाकायचं, भरलं की ते खाली सरकवायचं आणि शेवटच्यातून खत काढायचं, इतकंच आहे.

खरं सांगते, कचऱ्याबद्दल नव्याने काही कळलं म्हणून घेतला असं अजिबात नाही. ढिगात हवा न लागता ओला कचरा सडला की मिथेन होतो, तो २० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त तापवतो, कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्यापायी काय सोसलंय, सगळं वर्षानुवर्षं माहीत होतं. तरी आधी एकदा बादलीत खत करायला घेतलेलं ते तीन आठवड्यांत बंद पडलं. कळतं पण वळत नाही म्हणतात ना, तेच.

या वेळी वळलं ते सिंकशेजारच्या स्टीलच्या डब्यामुळे. सुरुवातीला भाजी चिरली की लगेच बाल्कनीत जायचे, हात ओले, मुठीत भेंडीची देठं, गॅसवर फोडणी, दोन दिवसांत कंटाळा आला. मग झाकणाचा डबा ओट्यावर ठेवला आणि ठरवलं, रात्री ओटा पुसून झाला की डबा खंब्यात रिकामा करायचा आणि वरून दोन मुठी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ओटा पुसणं अंगवळणी पडलेलंच होतं, त्याच्या मागोमाग हे आलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास आहे, त्यात नवीन सवय आपोआप व्हायला साधारण ६६ दिवस लागलेले, कुणाला १८ तर कुणाला अंदाजाने थेट २५४, आणि एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही असंही दिसलं. माझे अडीचेक महिने गेले. आधीच्या वेळी '२१ दिवसांत सवय लागते' हे ऐकून मी स्वतःला आळशी ठरवून सोडून दिलं होतं, त्याचं आता खूप वाईट वाटतं, कारण तेव्हा फक्त बादली लांब होती.

जुलैत मात्र परीक्षा झाली. झाकण उचललं तर आत सळसळ ऐकू येतेय, राखाडी जाड अळ्या कडेने वर चढतायत आणि आंबूस वास. माझे हातपायच गळाले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं उकिरड्यात असतातच की त्या, सुकं घाल वरून." त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या होत्या, चावत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. पावसात ओल जास्त आणि सुकं कमी पडलं होतं. वॉचमनकाकांनी पोतंभर वाळकी पानं दिली, जितका ओला तितकीच पानं असं सुरू केलं, आठवड्यात वास गेला.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. एप्रिलच्या सुमारास लक्षात आलं की उरलेला भात, पोळ्या मी सरळ डब्यात टाकतेय, मनात एकच, 'खतच होणारे'. अमेरिकेतल्या कॅटलिन आणि वांग यांच्या २०१३ च्या प्रयोगात शेजारी रिसायकलचा डबा असला की लोकांनी कागदच जास्त वापरला होता, अगदी तसंच माझं झालं. जिथे वाया घालवणं कमी व्हायला हवं होतं तिथे खंब्याने मला परवानगी देऊन टाकली. आता भाताला फोडणी, पोळ्यांचा कुस्करा, आणि खंब्यात शिजलेलं जवळपास नाहीच.

सोसायटीत 'निम्मे लोक कचरा वेगळा करत नाहीत' असा कागद लावायचं चाललं होतं, मी हात जोडून थांबवलं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात, जिथे दगड झालेलं प्राचीन लाकूड आहे, 'इथून पुष्कळ लोक लाकूड नेतात' अशा अर्थाची पाटी लावली तर चोरी वाढलीच, सगळेच करतात म्हटल्यावर माणूस सैल पडतो. त्याऐवजी मी शेजारच्या काकूंना मूठभर खत हुंगायला दिलं, पहिल्या पावसात येतो तसा मातीचा वास. आता आमच्या मजल्यावर तीन खंबे आहेत.

तक्रारीही आहेत. पहिलं मडकं काठाला तडकलेलं आलं, बदलून मिळायला महिनाभर फोन करावे लागले. खंब्यासोबतची कचरा कुजवायची पावडर महाग पडते, कोकोपीट, वाळकी पानं आणि थोडं आंबट ताक यावर माझं भागतं. भरलेलं मडकं सरकवायला दोन माणसं लागतात, एकटं राहणाऱ्याने किंवा कंबर दुखत असेल त्याने दुसरं काहीतरी बघावं.

घ्यायचाच असेल तर आधी महिनाभर नुसता डबा सिंकशेजारी ठेवून बघा, आणि मे संपायच्या आत पोतंभर वाळकी पानं साठवून ठेवा.