कॉफीचं पाणी: टाकीतलंच सुधारायचं, की आरओत क्षार घालायचे?

ग्राइंडर आला, काटा आला, फिल्टर पेपर आले, तरी कप रोज वेगळा लागतो, अशा टप्प्यावर जे आलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही रस्त्यांनी जाऊन आलोय. साधारण वर्षभर घरचंच पाणी उकळून, गाळून वापरलं. नंतर आरओ मशीननं क्षार काढून टाकलेल्या पाण्यात मोजून क्षार घालायला लागलो. हे सगळं काळ्या कॉफीबद्दल आहे. आमच्या कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध घालून पिणार असाल, तर या खटाटोपाची गरज नाही. त्या दुधापुढे पाण्यातला फरक कळत नाही.

घरचं पाणी सुधारणं स्वस्त पडतं आणि त्यात काही वाया जात नाही. महापालिकेचं पाणी मुळात हलकं, म्हणजे क्षार कमी असलेलं. पंचगंगेचं असो, की 2023 च्या अखेरीपासून थेट पाइपलाइननं येणारं काळम्मावाडीचं, सह्याद्रीत पडलेल्या पावसाचंच ते पाणी. कार्बनच्या गाळणीतून क्लोरीनचा वास काढला की बहुतेक काम झालं. पाणी जड असेल तर दहा मिनिटं खळखळून उकळायचं, थंड होऊ द्यायचं आणि वरचं नितळ तेवढं ओतून घ्यायचं. बायकार्बोनेटची चुनखडी होऊन तळाशी बसते. बिअर बनवणाऱ्यांची ही जुनी युक्ती कॉफीलाही चालते.

माझं घोडं अडलं ते आमच्या इमारतीच्या टाकीत. नळाला पाणी कमी आलं की बोअरची मोटर सुरू करतात आणि दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं. आपल्याकडच्या काळ्या खडकातून झिरपलेलं बोअरचं पाणी चांगलंच जड. मी पाण्यात विरघळलेलं एकूण काय ते मोजणारं टीडीएस मीटर घेऊन रोज सकाळी आकडा लिहायला सुरुवात केली. एका आठवड्यात 140 पासून 610 पर्यंतचे आकडे आले. शनिवारी चिकमगळूरच्या बियांचा कप संत्र्यासारखा खुलला होता. सोमवारी तेच पाकीट, तेवढेच 15 ग्रॅम, तीच दळण, आणि कप खडू भिजवल्यासारखा. आंबटपणा सगळा बायकार्बोनेटनं खाल्लेला. त्याआधी मी बिया भाजून देणाऱ्याकडे दोनदा गाऱ्हाणं केलं होतं. त्याची काही चूक नव्हती, हे वही बघितल्यावर कळलं आणि फोन करून तसं सांगितलंही.

पाणी जड असण्याचं मला एवढं वाटत नाही. जड पाण्यावरही उपाय करता येतो. आज कुठलं पाणी आहे हे कपात ओतल्यावर कळणार, याचाच मला वीट आला. उकळूनही ते सुटलं नाही, कारण उकळल्यानं बायकार्बोनेट कमी होतं, पण सोडियम, क्लोराइड, सल्फेट आणि बरंचसं मॅग्नेशियम तसंच राहतं.

म्हणून दुसरा रस्ता धरला. नुसत्या आरओच्या पाण्यात कॉफी पोकळ आणि टोचरी आंबट लागते. अर्क नीट उतरायला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम लागतं आणि आंबटपणा आवरायला थोडं बायकार्बोनेट. पाव ग्रॅमसुद्धा न भरणारा क्षार रोज कोण मोजणार? त्यापेक्षा दोन बाटल्या करून ठेवायच्या. एकीत एक लिटर आरओच्या पाण्यात 20 ग्रॅम एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट), दुसरीत तेवढ्याच पाण्यात 6.7 ग्रॅम खायचा सोडा. कॉफीच्या एक लिटर पाण्यात दोन्हीतलं 10-10 मिलिलिटर घातलं, की कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला 80 मिलिग्रॅमच्या आसपास आणि बायकार्बोनेट 40 च्या आसपास जातं. मला हे प्रमाण मानवलं. तुम्हाला आंबटपणा जास्त हवा असेल तर सोडा 7 मिलिलिटरवर आणून बघा. बाटल्या फ्रीजमध्ये ठेवतो आणि महिन्याभरात नव्या करतो.

एप्सम सॉल्ट औषधाच्या दुकानातून, पोटात घेण्याच्या दर्जाचं घ्या. आपल्या भागात उसाला टाकायचं मॅग्नेशियम सल्फेट खताच्या दुकानात पोत्यानं मिळतं. नाव तेच असलं तरी ते पिण्यासाठी नव्हे.

या रस्त्यालाही त्रास आहेच. आरओचं बरंच पाणी वाया जातं. आम्ही ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरतो. आणि मशीनला टीडीएस कंट्रोलर असेल, तर तो गाळलेल्या पाण्यात कच्चं पाणी परत मिसळतो, म्हणजे बोअर मागच्या दारानं पुन्हा कपात. तो बंद करून घ्यावा लागतो. बसवायला आलेल्या माणसाला ते दोनदा सांगावं लागलं.

तुमच्याकडे टाकीत न जाता थेट महापालिकेचा नळ असेल, तर माझं ऐकून घाई करू नका. मत्स्यालयाच्या दुकानात कठीणपणा आणि बायकार्बोनेट थेंबांनी मोजायचं किट मिळतं. टीडीएस मीटर या दोन्हींतला फरक सांगत नाही. महिनाभर दर आठवड्याला थेंब मोजा, पावसाळ्यात पुन्हा एकदा मोजा. आकडे जागेवर राहिले तर कार्बनची गाळणी पुरेल. माझ्यासारखी मिसळलेली टाकी असेल, तर मी तरी दोन बाटल्यांकडेच बोट दाखवीन. आमच्याकडे काल रात्रीही बोअर सोडला होता. सकाळी कप शनिवारसारखाच झाला.