जाम टाय रॉड एंडसाठी कात्री पद्धतीचा पुलर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टाय रॉड एंड म्हणजे स्टेअरिंगचा दांडा (टाय रॉड) चाकाकडच्या स्टेअरिंग आर्मला जोडणारा बॉल जॉइंट. त्याचा आटे असलेला निमुळता बोल्ट, म्हणजे स्टड, आर्मच्या निमुळत्या भोकात रुतून बसतो; ही निमुळती बैठक म्हणजे टेपर, आणि ती सोडवायचं हत्यार म्हणजे पुलर. पुलर लावला, स्क्रू आवळला की जॉइंट आपोआप सुटेल, अशी अपेक्षा असेल तर हे हत्यार पहिल्याच दिवशी निराश करेल. आठ महिने वापरल्यावर मत असं की पुलर फक्त ताण देतो. टेपर सोडवते हातोडी. दोन्ही एकत्र वापरले तर मात्र घरच्या कामासाठी याहून भरवशाचं काही नाही.

रचना साधी आहे. मध्ये खीळ असलेले दोन जबडे, मागे स्क्रू. स्क्रू आवळला की मागची टोकं फाकतात आणि पुढची मिटतात. दुभंगलेला जबडा जॉइंटवरचं रबरी आवरण (बूट) आणि स्टेअरिंग आर्मच्या मधे सरकवायचा, दुसरा स्टडच्या टोकावर टेकवायचा. फट 20 मिमी आहे; छोट्या-मध्यम गाड्यांच्या टाय रॉड एंडला पुरते, जड गाडीच्या खालच्या बॉल जॉइंटवर मात्र बसतच नाही. खिळीसाठी दोन भोकं आहेत. ताण आल्यावर जबडे जवळपास समांतर राहतील असं भोक निवडा. तिरका जबडा स्टडवरून घसरतो आणि जाताना बूट फाडतो.

चाक काढून गाडी स्टँडवर घेतली की आधी टाय रॉडचा लॉकनट, म्हणजे एंडला टाय रॉडवर पक्का धरणारा नट, पाव फेरा ढिला करावा. टेपर घट्ट आहे तोवर एंड जागेवर धरलेला असतो. नंतर तो पान्याबरोबर फिरत राहतो. मग मुख्य नट फिरू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन काढा आणि मुख्य नट स्टडच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सोडा, पूर्ण काढू नका. तो स्टडचे आटे वाचवतो आणि टेपर धाडकन सुटल्यावर पुलर हवेत उडू देत नाही.

आता स्क्रू साध्या पान्याने हात लावेल तितका आवळा. पान्याला पाइप जोडून जोर वाढवायचा मोह टाळा, वाकतो तो स्क्रूच. ताण ठेवून आर्मच्या ज्या डोळ्यात स्टड बसला आहे, त्याच्या कडेवर एक किलोच्या हातोडीने आडवे, ठाम फटके मारा. डोळा क्षणभर किंचित लंबगोल होतो, धातूची पकड सुटते आणि आधीच दिलेला ताण स्टडला बाहेर ढकलतो. तीन-चार फटक्यांत नाही सुटलं तर स्क्रू आणखी थोडा आवळून पुन्हा मारा. स्टडच्या टोकावर कधीही नाही: टोक फुलतं आणि नट बाहेर येत नाही. आर्म अॅल्युमिनियमचा असेल तर हातोडी बाजूला ठेवा. ताण देऊन थोडा वेळ तसंच सोडा, मग पुन्हा किंचित आवळा.

गंज सोडवणारं तेल लॉकनटच्या आट्यांवर आदल्या रात्री मारलं तर फार कामाचं. टेपरवर त्याचा उपयोग नगण्य, कारण तिथे धातू धातूला इतका चिकटलेला असतो की तेलाला आत शिरायला वाट नसते. गॅसची ज्योत तर नकोच, शेजारी ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर असते.

टेपर सुटला पण नायलॉनचा लॉकिंग नट सोडताना स्टडच गरगर फिरतो, ही नेहमीची डोकेदुखी. यावर पुलरकडे उत्तर नाही. एंडखालून जॅक लावून टेपर पुन्हा दाबून बसवा, किंवा स्टडच्या टोकाला षटकोनी खाच असेल तर तिथे अॅलन की धरून नट सोडा.

हत्याराची झीज म्हणाल तर स्क्रूचे आटे ही कमकुवत बाजू. कोरडे वापरले तर खरवडले जातात. दर वेळी मॉलिब्डेनम ग्रीस लावल्यावर ते टिकले आहेत. स्क्रूचं टोक थोडं चपटलं आहे. इम्पॅक्ट गन मात्र यावर लावू नये. काट्यासारखं ठोकायचं हत्यार याहून स्वस्त आणि वेगवान, पण ते बूट हमखास फाडतं. जॉइंट फेकायचाच असेल तरच ते घ्या.

स्टेअरिंग व्हील काढायला हा पुलर चालत नाही. त्यासाठी दोन बोल्टचा वेगळा पुलर लागतो. एअरबॅग असेल तर आधी बॅटरी काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, चाकं सरळ ठेवा. कॉलमच्या शाफ्टवर हातोडी मारली तर अपघातात दबण्यासाठी बनवलेला कॉलम तिथेच बिघडू शकतो.

जुना एंड काढताना फेरे मोजून लिहून ठेवा आणि नवा तितकेच फेरे घाला. नव्या एंडची लांबी एक-दोन मिलिमीटर वेगळी असू शकते, त्यामुळे चाकांचं अलाइनमेंट तरीही लागतंच. टेपर कोरडा, स्वच्छ पुसून बसवा, त्यावर ग्रीस नको. कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला) मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळल्यावर पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी पुढे न्या, मागे कधीच नाही. नायलॉनचा नट दर वेळी नवा. आणि बसवण्याआधी आर्मचा डोळा आतून पाहा: एका बाजूलाच चकाकी किंवा खोल खाच दिसली तर टेपरची बैठक गेली आहे, नवा एंडही तिथे ढिला होईल आणि आर्म बदलावा लागेल.